धुतलेलं खळं

गोदीतल्या नोकरीत मी एकच गोष्ट पक्की शिकलो. तपासणी यायची असली की टेबल आवरायचं. फायली कपाटात, कप मोरीत, उरलेला कचरा पायाने टेबलाखाली. साहेब खूश होऊन गेला की सगळं पुन्हा बाहेर. सगळी नोकरी मी हेच केलं. त्यामुळे आमच्या कोळीवाड्यात सर्व्हेचे साहेब येणार असं कळलं, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

कोळीवाडा आमचा लहान. वरळीचे टॉवर आता इतके जवळ आलेत की त्यांची सावली आमच्या कौलांवर पडते. आमची हद्द कुठवर आणि आतली कुठली जागा कशाची, हे एकदाचं नकाशावर यावं म्हणून गावाने वर्षानुवर्षं अर्ज केले. ते मीच लिहिले. अक्षर माझं चांगलं आहे, आणि बायको गेल्यापासून मला वेळच वेळ आहे. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते. अर्जांच्या निमित्ताने माझ्या ओट्यावर माणसं यायची. कागद पुढे करून "जरा वाचा ना" म्हणायची आणि मग चहा होईपर्यंत बसायची. खरं सांगायचं तर त्या बसण्यासाठी मी आणखी शंभर अर्ज खरडले असते.

सगळा जीव अडकला होता तो खळ्यात. मासळी वाळवायची समुद्राकडची ती जमीन कुणा एकीची नाही, गावातल्या सगळ्या बायकांची. तिथे बांबूच्या उंच चौकटी असतात, आम्ही त्यांना वलांड्या म्हणतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची, की ऊन आणि वारा बाकीचं बघतात. तिथे माझी आई उभी असायची. आता आत्या असते. ती ऐंशीच्या पुढची, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, माझ्या रक्ताचं गावात उरलेलं एकमेव माणूस. रोज दुपारी खळ्यावरून घरी जाताना ती माझ्या दारात थांबायची आणि विचारायची, "जेवलास का रं?" नकाशावर खळं कोळ्यांच्या वापराचं म्हणून लागलं तर राहणार, नाहीतर जाणार, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

तरीही आदल्या दिवशी मी खळ्यावर जाऊन बायकांना शहाणपण शिकवलं. म्हटलं, "हा वास, हे पाणी, या माशा. साहेब नाक दाबून पळून जातील. दोन दिवस वलांड्या उतरवा, जागा धुऊन काढा."

आत्या म्हणाली, "अरं, ऐन बोंबलाच्या दिवसांत?"

"आत्या, सरकारी काम आहे. त्यातलं मला कळतं."

बायकांनी ऐकलं. इतकी वर्षं कागदाच्या बाबतीत त्या माझंच ऐकत आल्या होत्या. बांबू घरांमागे रचले, ओले बोंबील ओलेच विकून टाकले, जमीन घासून धुतली. एकीने तर कोपऱ्यात रांगोळीही काढली. मला फार बरं वाटलं होतं.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. मी सरबताचा ट्रे घेऊन त्यांच्या मागेमागे. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, टेप धरली, फॉर्म भरला आणि पंच म्हणून माझ्यापुढे धरला. 'सध्याचा वापर' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, मोकळी जागा. मी ते वाचलं. अतिक्रमण असं काही लिहिलेलं नाही ना, एवढंच मी बघितलं आणि झोकात सही ठोकली.

काही महिन्यांनी प्रारूप नकाशा लागला. खळ्याच्या जागी वेगळा रंग होता आणि खाली लिहिलं होतं, वाहनतळासाठी आरक्षित. आठ पानी हरकत लिहून मी सुनावणीला गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. धुतलेली लखलखीत जमीन, कोपऱ्यात रांगोळी, आणि कडेला ट्रे घेऊन हसणारा मी.

"काका, यात मासे कुठे आहेत? आणि ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. हरकत नोंदवून घेतो, असं ते म्हणाले.

गावात येऊन मी बायकांना सगळं खरं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. आत्या बोंबील टांगत होती. माझ्याकडे न वळता ती एवढंच म्हणाली, "तू बोल्लास म्हणून काढल्या रं." भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात निदान उत्तर देता येतं. त्या दिवसापासून माझ्या ओट्यावर कागद येईनासे झाले. दुपारी आत्या मागच्या गल्लीने घरी जाऊ लागली. ती वाट लांबची आहे, आणि तिचे गुडघे दुखतात.

मागच्या आठवड्यात फेरपाहणी झाली. ती आहे हे मला कुणी कळवलंच नव्हतं. सकाळी वास नेहमीपेक्षा उग्र आला म्हणून मी खिडकीत गेलो. खळ्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. घरांमागचे जुने बांबूसुद्धा उभे केले होते आणि टोकापासून टोकापर्यंत बोंबील लटकत होते. साहेब नाकाला रुमाल लावून, टपकणारं पाणी चुकवत लिहीत होते. मग त्यांनी फॉर्म पुढे केला, पंचाच्या सहीसाठी. मी घाईघाईने शर्ट चढवला, चष्मा आणि पेन घेतलं आणि दारापर्यंत आलो. तिथेच थांबलो. बोलावतील असं वाटत होतं.

कागद आत्याच्या हातात होता. तिला वाचता येत नाही. तिने तो उलटसुलट करून पाहिला, माझ्या दाराकडे एकदा बघितलं, आणि अंगठा शाईच्या डबीत बुडवला.