नटमेगच्या शेपटीची वेणी

ग्लेनिस ट्रेलोर माझ्याशी तीस वर्षं भांडली, आणि तीस वर्षं तिच्या घोड्यांचे खूर मीच तासले. मी कॉल, नालबंद. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओरोरू गावाच्या आसपास तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. नवरा गेल्यावर तिनं मेंढ्या विकल्या आणि शर्यतीतून बाद झालेले घोडे आणून कुरणात सोडले. पुढे त्याचीच संस्था झाली. मनानं खचलेली पोरं दर गुरुवारी यायची. कोणी शाळा सोडलेलं, कोणी हातावर ब्लेड मारून घेतलेलं.

घोड्यावर बसायचं नाही, हा तिथला नियम. कुरणात जायचं, घोड्याकडे खांदा करून उभं राहायचं, त्याच्याकडे टक लावायची नाही आणि वाट बघायची. आला तर आला. याला उपचार म्हणतात होय, असं मी हिणवायचो. "तू खूर तास, म्हाताऱ्या," ती म्हणायची. पोरं सुधारत होती हे मला दिसत होतं, पण कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

टेगन नोस्के आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचा मोठा भाऊ लूक शेतावर अपघातात गेला, असं तिला घरच्यांनी सांगितलं होतं. तो अपघात नव्हता, त्यानं स्वतःच जीव दिला होता, हे तिला शाळेच्या बसमध्ये दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. चौथ्या गुरुवारी नटमेग नावाची तांबूस घोडी आपण होऊन तिच्याजवळ आली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. टेगन आधी घोडीशी बोलायला लागली, मग ग्लेनिसशी. खोगिरांच्या खोलीत खिळ्यांना केसांच्या वेण्या टांगलेल्या असत. त्या कसल्या, असं टेगननं एकदा विचारलं. गेलेल्या घोड्यांच्या शेपटीच्या, असं ग्लेनिसनं सांगितलं. जिवंत घोड्याची शेपूट आम्ही कापत नाही, त्याला माश्या हाकलायला ती लागते, हेही सांगितलं.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. कुरणात गवताची काडी उरली नव्हती. टाकलेला चारा उचलताना घोडे मातीही खायचे. फेब्रुवारीत एका सोमवारी नटमेग पोटात वाळू साचून आडवी झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. घोडीला कायमचं निजवायचं इंजेक्शन दिलं तेव्हा तिची मान मी धरली होती. नंतर ग्लेनिसनं शेपूट कापली, वेणी घातली आणि गवताच्या गठ्ठ्याच्या सुतळीनं बांधली.

गुरुवारी टेगन येणार होती. तिला खरं सांग, असं मी ग्लेनिसला म्हटलं.

"आत्ताशी कुठं तोंड उघडलंय पोरीनं," ती म्हणाली. "तिच्यापुढे अजून एक मढं ठेवू?"

नटमेगला समुद्राकडच्या एका शेतावर पाठवलं, असं तिनं टेगनला सांगितलं. पोरगी चक्क खूश झाली. तिकडचं गवत हिरवं आणि मऊ असेल, नटमेगचे दात खराब आहेत, बरं झालं, असं म्हणाली. मी खाली मान घालून खूर तासत राहिलो. त्या पापात माझाही वाटा आहे.

ग्लेनिसनं ती वेणी खिळ्याला टांगली नाही, ब्रशांच्या खोक्यात तळाशी लपवली. फेकून द्यायला मात्र तिचा हात धजला नाही. आमच्यातल्या कोणाचाच धजला नसता. तीन आठवड्यांनी टेगन ब्रश काढायला गेली आणि वेणी हातात घेऊन बाहेर आली. तिला काही विचारायची गरज नव्हती. तिनं ती कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि आईच्या गाडीत जाऊन बसली.

पुन्हा सगळं बंद. बोलणं गेलं, मग खाणंही गेलं. काही आठवडे तिला अ‍ॅडलेडच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

ती घरी आल्यावर ग्लेनिस दर गुरुवारी चाळीस किलोमीटर गाडी हाकत जायची आणि नोस्केंच्या फाटकाबाहेर घराकडे खांदा करून तासभर उभी राहायची. पहिल्यांदा टेगनच्या बापानं तिला हाकललं. नंतर त्यानं नाद सोडला. अकराव्या गुरुवारी तिची कंबर धरली होती म्हणून गाडी मी चालवत होतो. त्या दिवशी टेगन फाटकापर्यंत आली. वाळून काडी झाली होती.

"कुठं पुरलं तिला?"

"पुरलं नाही. जमीन दगडासारखी झाली होती. मेलेली जनावरं नेणारा ट्रक आला, त्यात घातलं."

संपलं सगळं, असं मला वाटलं.

"घाबरली होती?"

"हो. सकाळपासून दुखत होतं तिला. शेवटी फार घाबरली होती."

टेगन फाटकाची कडी चाळवत राहिली. "लूकला काही कळलंसुद्धा नसेल, असं आई म्हणते."

"ते मला माहीत नाही, टेगन," ग्लेनिस म्हणाली.

पोरीनं हात पुढे केला. ग्लेनिसनं खिशातून वेणी काढून दिली. ती घेऊन टेगन घरात गेली. कुरणावर पुन्हा कधीच आली नाही, पण घरी बोलायला लागली, असं तिच्या आईनं कळवलं. त्यानंतर कुठलाही घोडा जायचा असला की ग्लेनिस पोरांना आधी सांगायची, शेवटपर्यंत त्याच्याजवळ थांबायचं असेल त्यानं थांबावं म्हणायची. काही आईबापांनी त्यावरून पोरं पाठवणं बंद केलं. तिनं नियम बदलला नाही.

गेल्या हिवाळ्यात ग्लेनिस कॅन्सरनं गेली. शेवटच्या रात्री मी उशाशी होतो. माझा तिच्यावर जीव होता, आणि हे तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच. दफनाला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत होतो, शांतपणे गेली, झोपेत गेली. सगळे माना डोलवून चहापाण्याला ठेवलेल्या सँडविचकडे वळत होते.

सगळ्यात शेवटी एक उंच तरुणी आली. मी तिला हातावरून ओळखलं. मनगटाला तांबूस केसांची वेणी बांधलेली होती.

"कॉल," टेगन म्हणाली, "शेवटी घाबरली होती का ती?"

ठरलेलं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हणालो. "माझा हात सोडत नव्हती."