यादीतलं नाव

वसंतभाऊ एकोणीस वर्षं सायलीतल्या धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहेत. नंदुरबारकडून आले, नरोलीत भाड्याची खोली घेतली आणि तिथलेच झाले. कुणी आपल्या जागी उभं राहायला सांगितलं तर त्यांच्या तोंडून कधी नाही आलं नाही. कुणाची बायको बाळंत, कुणाला गावी जायचंय. वसंतभाऊ त्याचं कार्ड पंच करून त्याच्या मशीनवर उभे राहत. कागदावर तो, कामावर हे. सुपरवायझर कानाडोळा करी.

त्यांचा एकुलता मुलगा हर्षल बारावीनंतर वर्षभर तिथेच लागला. हेच शिकला. मग फौजेत हेलिकॉप्टरचा मेकॅनिक झाला आणि गेल्या वर्षी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला.

मंगळवारी सकाळी पलटणीतून फोन आला. हेलिकॉप्टर जंगलात कोसळून पेटलं होतं. आत पाच जण. यादीत हर्षलचं नाव होतं. ओळख पटायला वेळ लागेल, असं साहेब म्हणाले.

वसंतभाऊंनी हर्षलच्या आईला, जयाताईंना, सगळं सांगितलं.

"नाव आहे ना फक्त?" वसंतभाऊ म्हणाले. "नावानं काय होतं? बसलं असेल दुसरं कुणी त्याच्या जागी."

"अहो, फौज आहे ती. तुमची कंपनी नाही."

"पोरगा तर माझाच आहे ना?"

"आणि त्या दुसऱ्याच्या आईनं काय करायचं?"

 पण वसंतभाऊ येईल त्याला तेच सांगत राहिले. लोक मान हलवत. कंपनीत त्यांचं कार्ड रोज कुणीतरी पंच करत होतं.

शुक्रवारी दुपारी लांबलचक नंबरावरून फोन आला. वसंतभाऊ ताडकन उठले. "हर्षल?"

"काका, मी चेतन. आम्ही एकाच तंबूत होतो." मुलगा रडत होता. "ड्युटी माझी होती. मला ताप होता. त्यानंच साहेबांना विचारून माझं नाव काढलं, स्वतःचं घातलं. म्हणाला, झोप तू, आमच्या आबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

"तू पाहिलंस त्याला बसताना?"

"पाहिलं, काका."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. तो थांबेपर्यंत वसंतभाऊ खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले.

"काका, शिव्या द्या. काहीतरी बोला."

"ताप उतरला का?"

"उतरला."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पिठाच्या हातांनी जयाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला.