क्लॅरीच्या काळजातलं शेवाळ

ऑस्ट्रेलियातल्या किंग बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वादळ येऊन गेलं की बाकीचे लोक आपापली छपरं बघायला बाहेर पडत. क्लॅरी हॉस्किंग शेवाळ बघायला. लाटांनी फेकलेल्या त्या चामड्यासारख्या जाड पट्ट्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ट्रकवर ओढायच्या, मांडवांवर वाळवायच्या आणि परदेशी कारखान्याला पाठवायच्या, यात त्याची एकतीस वर्षं गेली. त्यातून निघणाऱ्या चिकावर जगातलं आइस्क्रीम उभं आहे, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगे.

मार्चमध्ये शेवाळ ओढतानाच त्याला हार्ट अटॅक आला. वाचला, पण हृदयाची एक बाजू पातळ होऊन सैलावली. चार पावलांवर धाप लागे. बायको, बेरिल, म्हणाली की ट्रक विकून टाकू. क्लॅरीने दोन दिवस तिच्याशी फक्त हवामानाविषयी बोलून निषेध नोंदवला.

मेलबर्नच्या डॉक्टर त्रान बाईंनी तिसरीच वाट दाखवली. त्यांच्याकडे एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. छातीला छोटी चीर देऊन हृदयाच्या भिंतीत डझनभर ठिकाणी जेल टोचायचं. ते तिथेच थिजून भिंतीला टेकू देतं. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. जेल कशाचं, तर समुद्री शेवाळाचं.

क्लॅरी सावरून बसला. कुठलं शेवाळ? मांडवावर वाळवलेलं की जमिनीवर? पावसात भिजलं होतं का? रोग्यांचे असे प्रश्न बाईंच्या अंगवळणी पडलेले नव्हते. त्यांनी जेल बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. शेवाळ नॉर्वेचं होतं, समुद्रातून यंत्राने कापलेलं.

"म्हणजे जिवंत कापतात?" क्लॅरी डॉक्टरबाईंना म्हणाला. "मग नको, पोरी. असला माल मी मांडवावर चढू दिला नसता."

बेरिलने पर्स बंद केली. "क्लॅरी, इतकी वर्षं लोकांचं आइस्क्रीम सांभाळलंस. आता नॉर्वेवाल्यांना तुला सांभाळू दे. नाहीतर ट्रक उद्याच जातोय."

क्लॅरीने सही केली, आणि फॉर्मवर तक्रारीचा रकाना नाही अशी तक्रारही केली.

सहा महिन्यांनी तो न थांबता किनाऱ्यापर्यंत चालू लागला. एका माणसावरून श्रेय जेलला द्यायला बाई अजून तयार नव्हत्या, पण त्यांनी विंच चालवायला परवानगी दिली. पाण्यात उतरायला नाही.

तेव्हा पुढच्या वादळानंतर रबरी विजार चढवून बेरिल पाण्यात उतरली. क्लॅरी ट्रकमध्ये बसून दांडा ओढी आणि दोर कुठे अडकवायचा ते ओरडून सांगे. ती ऐकत नसे. दुपारपर्यंत सहा खेपा झाल्या. त्याच्या एकट्याच्या चार होत.

यंदा शेवाळच हलकं आहे, असं त्याने संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगितलं.