मलेरिया ऑफ

“थो रक्तच देत नाही, मॅडम. तुमच्या गोळ्या चालू हायेत म्हणते.”

आशा सेविका प्रमिलाबाई माझ्या दवाखान्याच्या दारातूनच बोलल्या. आत यायलाही थांबल्या नाहीत.

“कोण?”

“देवचंद. ट्रकवाला. तीन दिवस झाले, ताप उतरून नाही राहिला. तुमीच चाला. तुमचं ऐकन.”

मी होमिओपॅथ. बारा वर्षांपासून नाकाडोंगरीत प्रॅक्टिस करते. देवचंद जवळच्याच गावचा. घरची धानाची शेती, आणि खदानीच्या मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर. कितीदा तरी लोडिंगची वाट पाहत ट्रकच्या केबिनमध्येच झोपायचा. बाकावर दोन पेशंट होते, त्यांना थांबायला सांगितलं आणि प्रमिलाबाईंच्या स्कूटीवर मागे बसले.

देवचंद खाटेवर दोन ब्लँकेटं घेऊन पडला होता. थंडीनं खाट हलत होती. त्याची बायको सुनीता पायाशी बसली होती.

“देवचंदभाऊ, बोट द्या. एक थेंब रक्त पाहिजे.”

“कायले जी? मले मलेरिया होऊच शकत नाही.”

“कोण म्हणालं असं?”

“तुमीच तं लिहून देल्लं.”

त्यानं उशीखालून छोटी बाटली काढली. लेबलवर माझं अक्षर होतं. मलेरिया ऑफ २००.

इथं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मलेरिया ऑफिसिनॅलिस नावाचं एक औषध आहे. दलदलीतला पाला सडवून त्या पाण्यापासून ते बनवलं गेलं, असं आम्हाला शिकवतात. दोनशे म्हणजे त्याची पोटन्सी. एक थेंब घेऊन तो शंभर पट पातळ करायचा, त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा शंभर पट, असं दोनशे वेळा. ते शेवटी साखरेच्या गोळ्यांवर शिंपडायचं; बाटलीत उरतात त्या नुसत्या साखरेच्या गोळ्या. लेबलवर पूर्ण नाव मावत नाही म्हणून आम्ही ‘ऑफ’ लिहितो. सगळे होमिओपॅथ लिहितात.

देवचंदनं ते वाचलं ते पंख्याच्या बटणासारखं. मलेरिया ऑफ. बंद.

पण चूक फक्त वाचण्यात नव्हती. पावसाळ्याच्या सुरुवातीला देवचंदच्या गावच्या मंडळानं समाजमंदिरात कॅम्प ठेवला होता. मी फुकट गोळ्या वाटल्या होत्या. आठवड्यातून एकदा चार घ्या, मलेरिया होणार नाही, असं मीच माइकवरून सांगितलं होतं. माझे सर सांगायचे तसंच. त्याला पुरावा काय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

“मॅडम, किट काढू काय?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“काढा.”

देवचंदनं माझ्याकडे बघत बोट पुढं केलं. या किटमध्ये एक पट्टी असते. तिच्यावर रक्ताचा थेंब आणि वरून औषधाचे थेंब टाकायचे. एकच रेघ आली तर टेस्ट निगेटिव्ह. आणखी रेघ उमटली तर मलेरिया, आणि ती कुठं उमटली यावरून प्रकार कळतो. पंधरा मिनिटं थांबावं लागतं. आम्हाला थांबावंच लागलं नाही. रेघ लगेच चढली, गडद. फाल्सिपेरम. हा मलेरिया मेंदूत जातो.

मी त्याची पापणी खाली ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे.

“लघवी कशी होते?”

“कोऱ्या चायसारखी,” सुनीता म्हणाली. “अन् सकाळपासून मधातच कायबी बोलून राहिले.”

तेवढ्यात देवचंदनं माझा हात धरला. “गाडी भरली काय, शेठ?” आत्ता दोन मिनिटांपूर्वी तो मला ओळखत होता.

प्रमिलाबाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

सरकारी दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि सलाइन लावता लावता विचारलं, “आधी काही औषध दिलं होतं?”

सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी काहीतरी डॉक्टरी भाषेत सांगेन.

“माझ्या गोळ्या,” मी म्हणाले. “होमिओपॅथीच्या. मलेरिया होऊ नये म्हणून मी दिल्या होत्या. त्यांच्या भरवशावर यांनी तीन दिवस टेस्ट करू दिली नाही.”

डॉक्टरांचा हात थांबला. माझ्यापेक्षा निम्म्या अनुभवाचा मुलगा. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

“मॅडम, अशा गोळ्या अजून कोणाकोणाला दिल्या?”

“कॅम्पमध्ये रजिस्टरच ठेवलं नव्हतं,” मी म्हणाले. लोक रांगेत येत होते, मी देत होते.

“मग आधी तो शोध घ्या,” तो म्हणाला. “याचं आम्ही बघतो.” आणि आर्टेसुनेटचं इंजेक्शन भरायला वळला. रक्तातले मलेरियाचे जंतू मारणारं औषध ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि प्रमिलाबाई त्या गावच्या पहिल्या घरापासून निघालो. मला वाटलं होतं, बाटल्या गोळा करायच्या आणि यायचं. पहिल्याच आळीत एका परसात सरकारी मच्छरदाणी दिसली. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यावर ताणलेली, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून.

“मावशी, ही इथं काहून?” मी विचारलं.

“आता कायले लागते जी? तुमच्या गोळ्या हायेत ना.”

घरात तिची सून झोपली होती. पाचवा महिना. दोन दिवसांपासून अंग मोडून आलंय, म्हणाली. पट्टीवर दुसरी रेघ आली. प्रमिलाबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. वेळेत पोचली. ती आणि बाळ, दोघंही ठीक राहिली.

बाकीच्या प्रत्येक दारात मी एकच वाक्य म्हटलं. “मी चुकीचं सांगितलं होतं, यानं मलेरिया टळत नाही.” काहींनी बाटली दिली. काहींनी लपवली. एक म्हातारे बाबाजी शांतपणे म्हणाले, “तुमीच चुकल्या म्हणता, तं आमी आता कोनाचं ऐकाव?”

देवचंद तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. लघवी साफ झाली, जेवू लागला. सुट्टी झाली त्या दिवशी मी गेले होते. सुनीतानं मला वऱ्हांड्यात ओढलं. इकडंतिकडं बघून पदराची गाठ सोडली. आत एक रिकामी बाटली. माझीच.

“डॉक्टरले सांगू नका जी. शेजारणीजवळून आणली. नर्सबाई गेली का मी चार-चार गोळ्या देत होती त्यायले. तुमच्या गोळ्यायनंच वाचले थे.”

मी तिला बाकावर बसवलं. इंजेक्शन काय करतं, गोळीत काय असतं, काय नसतं, सगळं सोपं करून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. मान डोलावली.

“हो जी. समजलं,” ती म्हणाली. “पन आनखी एक बाटली द्या ना.”

मी दिली नाही. आता माझ्याकडे तापाचा माणूस आला की आधी पट्टी, मग बाकीचं. त्यामुळे काही पेशंट तुटले. सुनीता त्या गोळ्या आता दुसऱ्या गावातून आणते, असं प्रमिलाबाईंकडून कळलं. दिलेली बाटली एका दिवसात परत मागता येते. माइकवर सांगितलेलं एक वाक्य परत घ्यायला मी अजून दारोदार फिरते आहे.