नाव न घेता केलेला विलाप

सावेता रडायला बसली की माणूस गेला, हे आमच्या ओल्तेनिया प्रांतातल्या गावांत पक्कं. तिचं कामच ते. मेलेल्याच्या उशाशी मेणबत्ती लागली की ती त्याचं नाव घेऊन, त्याच्याशी बोलत विलाप करायची. दगडालाही पाझर फुटावा असा आवाज! पण जित्या माणसासाठी रडणं म्हणजे मरणाला आवतण, म्हणून आधी ती तोंड उघडायची नाही.

आग्लायाचा पोरगा लेओंतिन विहीर खोदताना ढासळलेल्या मातीखाली अडकला. खालून त्याने दगडावर मारलेले ठोके ऐकू येत होते. गडी माती उपसत होते. सुजलेल्या पायांमुळे आग्लाया घरीच टीव्हीसमोर बसून होती.

चॅनलवाले आलेच, मेले! पहिल्या दिवशी सारा देश बघत होता. मग दुसऱ्या चॅनलने कुणा फुटबॉलवाल्याचा घटस्फोट काढला नि प्रेक्षक तिकडे पळाले. इथे आलेल्या चॅनलच्या साहेबाने फोनवरून मिरुनाला, बातमी देणाऱ्या पोरीला, फाडून खाल्लं. ती सावेताकडे आली.

“मावशी, जरा रडून दाखवा ना.”

“पोरगा जिता आहे अजून! थोबाड फोडीन.”

“नाव नका घेऊ कुणाचं. कॅमेऱ्यात टिपून ठेवते नुसतं. देव करो नि त्याची गरज लागू नये.”

सावेता घुटमळली. बिननावाचा विलाप म्हणजे नुसतं गाणं, त्याने कुणाचं काय बिघडतंय? आणि खरं सांगायचं तर, आपला आवाज देशभर ऐकू जाईल याचा मोह तिला पडला. विहिरीपासून थोडं बाजूला उभी राहून ती रडली.

चॅनलने ते लगेच दाखवलं. तिने न घेतलेलं नाव त्यांनी खाली ठसठशीत लिहिलं: लेओंतिन.

घरात आग्लायाने हंबरडा फोडला. शेजारी देवळाकडे धावले, मरणाची घंटा वाजू लागली. विहिरीवरच्या गड्यांनी फावडी टाकली, टोप्या काढल्या. “सावेता रडली म्हणतात,” कुणीतरी म्हणालं. मग कशाला कोण विचारतोय?

“अरे, मी नाव नाही घेतलं! खणा, खणा रे!” सावेता ओरडत धावली. गडी पुन्हा उतरले, पण तेवढ्यात वरची माती आणखी खचली होती. लेओंतिन हाती लागला तेव्हा त्याचं अंग अजून कोमट होतं.

सावेताने मिरुनाची गचांडी धरली. “सटवे, माझा आवाज विकलास!”

“वरून हुकूम होता, मावशी,” मिरुना रडत म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब खूश होता, सारा देश परत आपल्याच चॅनलवर होता.

मयताला सावेता काळा रुमाल बांधून आली नि लेओंतिनच्या उशाशी बसली. मेणबत्ती लागली. तिने नाव घ्यायला तोंड उघडलं, तसा आग्लायाने तिचा हात धरला.

“ऊठ, सावेता. तू रडलीस तेव्हा माझा पोरगा खाली ऐकत होता.”

सावेता उठली. लेओंतिनला आम्ही मुक्यानेच पुरलं.