हूं म्हणणारी पोरगी

आमच्या घरी गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्याला हूं म्हणावं लागे. दर वाक्याला नाही, पण सांगणारा जिथं दम घेतो तिथं हूं आलाच पाहिजे. हूं बंद झाला म्हणजे ऐकणारा झोपला. मग गोष्ट तिथंच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पुढची सांगायची. एकाला अर्धी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला पुरी सांगत नसत. काहून, ते कुणी विचारत नव्हतं.

माझी एक गोष्ट अशी साठ वर्षं अर्धी राहिली होती.

मी चौथी शिकले. माहेर शेंदूरजनाघाटचं, वडील संत्र्याच्या बगीच्यात राखणीला होते. मी अकरा वर्षांची असताना धाकटी बहीण तापानं पडली. ती सात वर्षांची. आई कामावर गेली की दुपारी तिच्याजवळ बसायचं काम माझं. तिनं उठून पळू नये म्हणून मी गोष्ट रचली. एक पोरगी रोज बापाची भाकर घेऊन बगीच्यात जाते. जाताना एका ओळीतली झाडं मोजते, चाळीस भरतात. येताना मोजते, एक्केचाळीस. जास्तीचं झाड कोणतं ते समजत नाही. एक दिवस तिला दिसतं की एका झाडाची सावलीच पडत नाही. ती त्या झाडाला कान लावते.

इथवर आले आणि हूं आला नाही. मला वाटलं झोपली. मी भांडी घासायला अंगणात गेले. आई आली तेव्हा तिला समजलं.

लग्न करून अकोल्यात आले ती जुन्या शहरातच राहिले. नवरा गेला. मुलगा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात लागला आणि त्यानं अमरावतीत घर केलं. मी एकटी राहते आणि मला ते बरं वाटतं. दुपारी वहीत गोष्टी लिहिते. पोरं जरा दचकतील अशा. मुलाला वाटायचं आई हिशोब लिहिते.

वह्या सापडल्या नातीला. ती अमरावतीला कॉलेजात आहे, सुट्टीत आली होती.

"आजी, हे तू लिहून राहिली? एक पुस्तक महोत्सव आहे, मोबाइलवरच असते. मोठ्या पोरापोरींच्या पुस्तकांचा. नवोदित लेखक पाहिजेत त्यायले."

"मी काय नवोदित? दात गेले माये."

"तुयं काही छापलं काय आजवर?"

"नाई."

"मंग नवोदितच. वय विचारलंच नाई त्यायनं."

गोष्ट पाठवायची तर अर्धीच पाठवा, असा त्यांचा नियम होता. आवडली तर शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पुरी वाचायची, आणि पुरी वाचलेल्या गोष्टींतून निवडून पुस्तक निघणार. अर्धी गोष्ट माझ्याकडं तयारच होती. नातीनं वहीतल्या पानांचे फोटो काढून पाठवले. चार दिवसांनी होकार आला.

"शेवट काय आहे व?" नातीनं फोनवर विचारलं.

"हाय एक," मी म्हटलं. खोटं बोलले.

शेवट नव्हता. मी चारदा वही उघडली. "झाडाला कान लावते" इथं येऊन हात थांबायचा. मला छापून यायचं होतं, हे उघड सांगते. बहात्तराव्या वर्षी दुसरी संधी कोण देतं. पण ज्या पोरीला अर्धी सांगितली ती ऐकायला नाही, आणि तिच्या पश्चात दुसऱ्यांना सांगावी तर घरची रीत मोडते. मी देवाधर्माची फारशी नाही. ही रीत मात्र मोडवेना.

महोत्सव तीन दिवसांचा. पहिले दोन दिवस मी नुसती ऐकत बसले. पोह्याच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि चष्मा लावला. पडद्यावर काळे चौकोन, प्रत्येकात एक नाव. आत माणूस आहे की नाही कळायला मार्ग नाही. एक लेखिका बोलत होती. तिच्या मागं पुस्तकांचं कपाट होतं, पण ते खरं नव्हतं. ती हलली की तिचा कान कपाटात जायचा, पुन्हा बाहेर यायचा. एक गृहस्थ बोलताबोलता तोंड उघडं ठेवून थिजले. मी तोंडाकडे बघत राहिले. मग अडकलेलं सगळं बोलणं एकदम घाईनं आलं. बाकीच्यांना याचं काही वाटत नव्हतं. कुणी हसलं तरी आवाज नव्हता, टाळ्याही चित्रातल्याच.

रविवारी दुपारी माझी पाळी होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. शेजारची पोरं पाणी मागायला येतात, म्हणून दाराला आतून कडी घातली. कूलर चालू ठेवला. सूत्रसंचालन करणारी मुलगी बोलायला गोड होती.

"आजी, तुम्हाला दहा मिनिटं आहेत. गोष्ट पूर्ण व्हायला हवी बरं का."

मी म्हटलं, "एकाला हूं म्हणायला सांगा. त्याशिवाय मला सांगता येत नाही."

"आजी, सगळ्यांचे माईक मुद्दाम बंद ठेवलेत, गोंधळ नको म्हणून. मुलं पडद्यावर अंगठ्याचं चित्र दाखवतील."

अंगठा आमच्या आईनं लावला. मी सही करते. पण वाद घालण्यात मिनिटं गेली असती, म्हणून सुरुवात केली. पहिलं वाक्य वाचून सवयीनं थांबले.

"हूं."

बारीक, पोरीचा. मोबाइलमधून आला असं वाटलं. म्हटलं, कुण्या शहाण्या पोरीनं माईक उघडला. मला जोर आला. दुसरं वाक्य, हूं. चाळीस झाडं, हूं. ती पोरगी दम कुठं येतो ते ओळखून होती. एक्केचाळिसावं झाड आलं तेव्हा हूं जरा लांबला, घाबरल्यासारखा. तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत बंद पडला. मोबाइल चालूच होता. घर एवढं गप्प झालं की माझा मलाच आवाज मोठा वाटू लागला. त्या शांततेत हूं आणखी स्वच्छ ऐकू आला. मी नीट ऐकलं आणि वाचत राहिले.

"ती त्या झाडाला कान लावते."

थांबले. हूं आला नाही.

पडद्यावर काळे चौकोन तसेच. वहीत पुढं कोरं पान. मी वाट पाहिली.

"आजी? पुढे?" सूत्रसंचालन करणारी म्हणाली. "दोनच मिनिटं राहिलीत."

हूं आल्याशिवाय मी पुढं जाणार नव्हते, मग पुस्तक गेलं तरी चालेल. मग साठ वर्षांपूर्वी जे विचारायला पाहिजे होतं ते विचारलं.

"झोपली काय व?"

थोडा वेळ गेला.

"हूं."

मग मी शेवट सांगितला. वहीत नव्हता, तोंडाला आला तसा सांगितला. झाडाच्या आत कुणीतरी बारीक आवाजात म्हणतं, मले मोजू नको ना. तू मोजते म्हणून मले इथं उभं राहावं लागते. पोरगी कान काढते आणि घरी जाते. दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन जाताना ती झाडं मोजत नाही. त्यानंतर कधीच मोजत नाही.

अंगठे आले, बरेच. सूत्रसंचालन करणारी म्हणाली, "आजी, काटा आला अंगावर. आणि मुलं विचारतायत, तुमच्याजवळ बसून हूं म्हणत होती ती छोटी कोण? तिला समोर आणा ना जरा."

मी म्हटलं, "ती तिकडचीच. तुमच्यातली."

"नाही आजी. इथले सगळे माईक बंद होते. आवाज तुमच्या घरातून येत होता."

मी मोबाइल उलटा ठेवला. उठून दार पाहिलं. कडी घातलेलीच होती. खाटेखाली वाकून पाहिलं, मोरीत पाहिलं, गाद्यांच्या थप्पीमागं पाहिलं. कुणी नव्हतं. मग पुन्हा खुर्चीवर बसले.

"मंग?"

बहिणीची खोड होती ही. गोष्ट संपली तरी मंग, मंग करायची. आवाज खाटेच्या बाजूनं आला. मी तिकडं पाहिलं नाही.

"मंग काई नाई," मी म्हटलं. "झाली गोष्ट. झोप आता."

लाइट आली, कूलर सुरू झाला. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी नातीचा फोन. "आजी, कोणाची पोट्टी आणून बसवली होती तू? मी पण ऐकली."

"शेजारची," मी म्हटलं. दुसरं खोटं.

गोष्ट पुस्तकात घेतली. त्यांनी विचारलं, त्या मुलीलाही प्रमाणपत्र द्यायचं आहे, नाव कळवा. मी धाकटीचं कळवलं. तिचं नाव तोवर कोणत्याच कागदावर नव्हतं, शाळेतसुद्धा घातली नव्हती. नातीनं दोन्ही प्रमाणपत्रं छापून आणली. दुसरं वाचून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"शेजारी तर या नावाची कोणी नाई."

"नाई," मी म्हटलं, आणि दोन्ही कागद पेटीत ठेवले.

आता नवी गोष्ट लिहिते आहे. या वेळी शेवट आधी लिहून ठेवला.