एका माणसाची बोट

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं हसण्यासाठी वाचत आलो. अमावास्या, पांढरी साडी, उलटे पाय... चहाबरोबर बरं जातं. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाहीये. माझी एक तक्रार आहे, आणि ती ऐकून घेणारं ऑफिस मला अजून सापडलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी मूळचा जव्हार तालुक्यातल्या जामसरचा. घरी भातशेती, तीही पावसाच्या भरवशावर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मोखाड्याकडे आरोग्यसेवक होतो. तिथे धरणाचं पाणी डोंगरांच्या घळींतून आत शिरलेलं आहे आणि त्या पाण्यापलीकडे एक पाडा आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. उन्हाळ्यात वळसा घालून चालत जाता यायचं. पावसाळ्यात पाणी चढलं की पाडा तुटायचा. मग वर कुणाला तरी दया आली आणि आम्हाला बोट मिळाली. फायबरची, छोटी, ट्रेलरवर बसवलेली. जीपमागे ट्रेलर जोडायचा, काठावर न्यायचा, बोट पाण्यात सोडायची आणि काम झालं की परत ट्रेलरवर चढवायची.

ऐकायला किती सोपं! इंजिन मागाहून येणार होतं, ते आलंच नाही, म्हणून वल्ही मारायची. लाइफ जॅकेट एकच, आणि ते हरवू नये म्हणून स्टोअरमध्ये कुलपात. जीपचा हँडब्रेक नावापुरता. आणि एवढ्या सगळ्याला माणूस एक. मी. ज्याला पोहता येत नाही!

एकट्याने बोट सोडणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. जीप रिव्हर्स घेत ट्रेलर पाण्यात घालायचा. उतरून चाकांमागे दगड लावायचे. पट्टा सोडायचा, बोट ढकलायची, ती तरंगली की तिचा दोर कशाला तरी बांधायचा. मग धावत जाऊन जीप वर काढायची, पुन्हा दगड लावायचे, परत खाली यायचं आणि बोटीत चढायचं. एक पाय आत टाकला की बोट पुढे सरकते आणि दुसरा पाय काठावरच राहतो. दोर धरायला कुणी असेल तर हे काहीच नाही. मी साहेबांना किती वेळा म्हटलं, एक हेल्पर द्या. दर वेळी उत्तर एकच, "बघू या."

आता तिकडची एक रीत सांगायला हवी. पाण्याशी आलेला माणूस आधी कुकारा घालतो, म्हणजे लांब "होओओ" अशी हाक. पलीकडून तशीच हाक आली तरच पुढे जायचं. हाकेला उत्तर नसेल तर कुणी पाण्याजवळ फिरकत नाही. पूर्वी ओढ्यांना अचानक लोंढा यायचा, तेव्हापासूनचं असावं. मला या प्रकाराचा कंटाळा होता. मी काय गुरं वळायला आलोय? मी कधीच ओरडायचो नाही. बोट दिसते ना डोळ्यांनी, मग या की खाली!

तो दिवस भाद्रपदातला, दुपारची वेळ. माझी लसीकरणाची फेरी होती. काठावर पोचलो तर पलीकडे चढावर बायका उभ्या. एक जण लुगड्याचा पदर हलवत होती. पाण्यावरून आवाज नीट यायचा.

"डाक्टर, बिगी ये! पोर दम टाकतंय!"

मी डॉक्टर नाही, पण तिकडे सगळे तसंच म्हणायचे. माझी धांदल उडाली. बोट कशीबशी सोडली. नेहमीचा खुंट पाण्याखाली गेला होता, म्हणून दोर करवंदीच्या झुडपाला गुंडाळला आणि जीप वर काढायला पळालो. दगड लावून वळतो तर काय... पावसाने भिजलेल्या मातीतून अख्खं झुडूप मुळांसकट उपटून निघालेलं! बोट चालली मध्यावर, मागे दोर, दोराच्या टोकाला करवंदी. वारा माझ्या पाठीकडून. बोट परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी गुडघाभर पाण्यात शिरलो. पुढे तळ एकदम खाली जातो, मला ठाऊक होतं. थांबलो. रडकुंडीला आलो होतो, खोटं कशाला सांगू. पलीकडे एक पोर श्वासासाठी तडफडतंय, आणि मी इथे हात हलवत उभा. मी शिव्या द्यायला लागलो. खात्याला, साहेबांना, त्या कुलपाला. तेवढ्यात पलीकडून म्हाताऱ्या आवाजात कुकारा आला, "होओओ..." माझं लक्ष कुठे होतं उत्तर द्यायला!

उत्तर आलं. माझ्याकडून नाही... पाण्यावरून. पुरुषाचा आवाज, शांत, लांब "होओओ".

आणि ते झुडूप पाण्यातून वर उठलं. मुळं वर, फांद्या खाली, पाणी निथळतंय. कुणी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हातात धरावं तेवढ्या उंचीवर. मागे दोर ताठ झाला. मग ते झुडूप माझ्याकडे चालत यावं तसं यायला लागलं आणि मागून बोट, वाऱ्याच्या विरुद्ध, सरळ. माझ्यासमोर आल्यावर झुडूप पाण्यात पडलं. बोटीचं टोक माझ्या मांडीला लागलं.

भीती वाटली का? नंतर वाटली. आधी राग आला. "कोण आहे रे? पोर मरतंय आणि मस्करी सुचते?" असं मी ओरडलो. कुणी असतं तर बोललं असतं. मी चढलो... आणि चढताना बोट तसूभरही हलली नाही. मध्यावर, जिथून बोट फिरली होती तिथे, मी वल्हं उभं घालून पाहिलं. तळ लागला नाही.

पलीकडे पोचलो तर पोराची आजी, काशीआजी, पोराला छातीशी धरून अगदी पाण्यापाशी उभी. शेजारी पोराची आई. पोराचं पोट फासळ्यांखाली खोल ओढलं जात होतं. दोघींना बसवलं. काशीआजी बसता बसता माझ्यावर उखडली.

"तुझा मानूस तिकडंच सोडलास?"

"कोणता माणूस?"

"आता कोनता! झाडोरा हातात धरून बोट आनली तो. तू तर कंदी कुकारा देत नाय. त्यानं दिला, म्हून पोर घिऊन खाली आले मी. गार पान्यात उभा ठेवलास त्याला... लाज नाय?"

मी वल्ही उचलली. परत जीपच्या काठावर आल्यावर ट्रेलर जीपपासून सोडवला, घाटात तो ओढत बसायला वेळ नव्हता. पाण्याच्या कडेलाच त्याला दगड लावून उभा केला, बोट त्यालाच बांधली आणि तिघांना घेऊन जव्हार गाठलं. न्यूमोनिया होता. ऑक्सिजन लावला. रात्रभर पाऊस पडला. सकाळी पोराने आईचं दूध घेतलं, तेव्हा मी पहिल्यांदा चहा प्यायलो.

दुपारी काठावर परत आलो. पाणी चांगलंच चढलं होतं. ट्रेलर बुडालेला आणि बोट कुठेतरी वाहून गेलेली, असंच गृहीत धरलं होतं. तर ट्रेलर वर, रस्त्यालगत उभा. वर बोट, पट्टा आवळलेला, आणि पावसाचं पाणी आत साठू नये म्हणून तळाचं बूच काढून ठेवलेलं! चिखलात चाकाची एक रेघ नव्हती. माझ्या चपलांशिवाय पाऊलही नव्हतं. अलीकडच्या पाड्यात विचारलं तर लोक म्हणाले, "आमी कशाला हात लावू सरकारी बोटीला? उद्या आमच्यावरच येल." खोटं बोलत नव्हते. आणि जीपशिवाय तो ट्रेलर चढावर ओढायचा कसा?

साहेबांना जसं घडलं तसं सांगितलं.

"बोट सुखरूप आहे ना?"

"आहे, साहेब. पण ती मी चढवली नाही. मी जव्हारला होतो."

"मग कुणी चढवली?"

"माहीत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही नव्हता, दुसरं कुणी नव्हतं, आणि बोट ट्रेलरवर. म्हणजे या कामाला एक माणूससुद्धा लागत नाही. आणि तुम्ही दुसरा मागताय?"

हेल्परचा विषय तिथेच संपला. कायमचा! मी दारू पितो अशी कुजबुज झाली, ती वेगळी. मी सुपारीसुद्धा खात नाही.

पुढे काही वर्षं मी ती बोट एकट्याने ओढली. बोट ट्रेलरवर ओढायची चक्री असते, विंच, तिच्यात अंगठा चिरडला, नख गेलं ते वाकडंच आलं. दोर सुटले, बोट वाहत गेली, अलीकडच्या पाड्यातल्या लोकांना आणायला धावत जावं लागलं. मी हाका मारल्या, हात जोडले, शिव्याही दिल्या. झुडूप सोडा, एक काडी हलली नाही. पोर बरं होऊन त्याच बोटीतून घरी गेलं, पुढे आश्रमशाळेत शिकलं.

तो आवाज कुणाचा होता, बोट वर कुणी नेली, मला आजही सांगता येत नाही. जे आलं ते पोरासाठी आलं, माझ्यासाठी नाही, एवढं कळतं. पण राग यायचा तो येतोच. ऑफिसने तर पोर मरायला टेकलं तरी कुणाला पाठवलं नाही, आणि त्यानेही यायचं ते पोर मरायला टेकल्यावरच?